मुंबईत मोसमाचं ताजं सफरचंद: घ्यावं कसं, ठेवावं कसं, खावं कसं

मुंबईत सफरचंद बारा महिने मिळतं, आणि नवा माणूस फसतो तो इथेच. हापूस मे महिन्यात खायचा, सीताफळ दसऱ्याच्या आसपास, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सफरचंदालाही मोसम असतो हे मात्र गाडीवरच्या सदा चकचकीत राशीकडे पाहून लक्षात येत नाही. मे महिन्यात घेतलेलं सफरचंद तोंडात पिठासारखं विरघळतं, सप्टेंबरमधलं दाताखाली करकर वाजतं, आणि लाली दोघांची सारखीच. फरक असतो तो झाडावरून उतरवल्याच्या तारखेचा. ती तारीख फळावर कुणी छापत नाही, पण थोड्या सवयीने तिचा अंदाज नक्की येतो. नोकरी-शिक्षणासाठी मुंबईत येऊन नुकतंच बिऱ्हाड थाटलेल्या किंवा पहिल्यांदाच घरचा बाजार हाती घेतलेल्या मंडळींसाठी ही माहिती.

'आमच्या शेतावरचं' म्हणजे कुठलं?

आधी हे मिटवून टाकू. गणपती-नवरात्रीच्या दिवसांत रविवारच्या शेतकरी बाजारात, एखाद्या सोसायटीच्या आवारात किंवा महामार्गालगतच्या टपरीवर 'थेट शेतातून, लोकल सफरचंद' अशी पाटी दिसते. कर्जत, मुरबाड, पालघरच्या शेतात ऑक्टोबरात सफरचंद धरत नाही. या झाडाला हिवाळ्यात झोपावं लागतं. डिलिशससारख्या जातींना ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी साधारण हजार तास मिळाली, तरच वसंतात नीट बहर येतो. आपल्याकडे जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा १५-१६ वर गेला तरी लोक स्वेटर काढतात.

कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, हे खरं. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी 'एचआरएमएन-९९' ही जात तयार केली. त्यासाठी २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'अ‍ॅना' आणि 'डॉर्सेट गोल्डन' या परदेशी जातीही उष्ण भागात येतात. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडं हौसेने लावली आहेत. पण मैदानी भागात या जातींची फळं उन्हाळ्यात, साधारण मे-जूनमध्ये उतरतात. म्हणून ऑक्टोबरात कुणी 'नाशिकच्या मळ्यातलं ताजं सफरचंद' म्हणालं, तर ते बहुधा वाशीच्या घाऊक मार्केटमधून टेम्पोत बसून आलेलं असतं. फळ वाईट असेलच असं नाही, पाटी मात्र खोटी.

मुंबईजवळच्या शेतातलं शरदातलं फळच खायचं असेल तर पुरंदरचं सीताफळ घ्या, पेरू घ्या, थोडं थांबून डहाणू-घोलवडचा चिकू घ्या. सफरचंदाचं शेत हिमाचलात शिमल्याला, कुल्लूला, किन्नौरला, नाहीतर काश्मीरात शोपियानला नि सोपोरला. ते आपल्यापर्यंत ट्रकने, काही दिवसांचा प्रवास करून येतं. सफरचंदाच्या बाबतीत 'ताजं' म्हणायचं ते एवढ्यालाच.

सफरचंदाचं पंचांग

हा भाग नीट वाचा, बाकीचं घाईत वाचलंत तरी चालेल.

जुलैत पहिला माल येतो तो हिमाचलच्या कमी उंचीवरच्या बागांतला. 'टायडमन'सारख्या लवकरच्या जाती असतात, चवीला आंबटसर, टिकायला कमी. पावसाळ्यात काहीतरी करकरीत खायची इच्छा झालीच तर पाव किलो घ्या, साठा करू नका.

ऑगस्टपासून खरी सुरुवात. शिमला जिल्ह्यातलं कोटगढ, ठियोग, जुब्बल, रोहडू, पलीकडे कुल्लू, इथला 'रॉयल डिलिशस' यायला लागतो. आज आपण ज्याला 'शिमला सफरचंद' म्हणतो त्याचं मूळ अमेरिकेत आहे. सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण हिमाचलात आला, तिथलाच झाला, पुढे सत्यानंद स्टोक्स या नावाने स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. त्याने १९१६ च्या सुमारास कोटगढ भागात डिलिशसची कलमं आणून लावली. त्याआधी त्या डोंगरांत इंग्रजांनी लावलेल्या आंबट जाती होत्या. गोड खाणाऱ्या आपल्या देशात त्या फार चालल्या नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून काश्मीर जोरात. देशातल्या सफरचंदांपैकी निम्म्याहून बरीच जास्त एकट्या काश्मीरची, त्यामुळे या काळात गाड्या ओसंडून वाहतात. तिकडची 'डिलिशस' आणि 'अमेरिकन' आपल्याकडे सर्रास दिसते. काश्मीरची अस्सल जुनी जात 'अंबरी'. लांबट, सुगंधी, टिकाऊ. ती मुंबईच्या गाडीवर क्वचित येते. दिसली तर भाव न करता घ्यावी, असं माझं मत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किन्नौरचा. उंचावरच्या कोरड्या, थंड हवेतलं फळ उशिरा पिकतं, घट्ट असतं, गोडी जास्त आणि टिकतंही जास्त. भाव अर्थातच चढा. यातच फसवणूक ओळखायची एक सोपी खूण आहे: ऑगस्टात कुणी 'किन्नौर' म्हणून विकत असेल, तर तो किन्नौरचं नाव विकतोय. तो माल तेव्हा झाडावरच असतो.

डिसेंबर-जानेवारीपर्यंत नीट ठेवलेला माल चांगला लागतो. पुढे फेब्रुवारी ते जून बाजारात असतो तो शीतगृहातला, विक्रेत्यांच्या भाषेत 'कोल्डचा' माल. कोल्डचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, त्यात सगळं खरं नाही. आधुनिक शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास आणि प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आणून ठेवतात. फळ श्वास घेतं, पण अगदी संथ, त्यामुळे कित्येक महिने टिकतं. त्यात विष-बिष काही नाही. अडचण वेगळीच आहे: बाहेर काढल्यावर ते भराभर उतरतं, आणि मुंबईच्या उकाड्यात दोन दिवस गाडीवर राहिलं की आतून भुसभुशीत होतं.

एप्रिल ते जून या काळात मात्र मी देशी सफरचंद घेत नाही. तेव्हा न्यूझीलंड, चिली इथला शरद ऋतू नुकताच सरलेला असतो, म्हणजे त्यांचा माल तुलनेने नवा. तिकडचं 'रॉयल गाला' जातीचं फळ महाग पडतं, पण जुन्या देशी मालापेक्षा बरं. थंडीत इराणचं स्वस्त सफरचंदही येतं. आपलं किन्नौर-काश्मीर ताजं मिळत असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

पंचांगाला सणांची जोड द्या. गणपतीत पाच फळांसाठी आणि नवरात्रीत उपासासाठी मागणी चढते, तसा भावही. गणपती गेल्यावर घटस्थापनेपर्यंतचा पंधरवडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. हिमाचलचा माल भरात, काश्मीरचा सुरू झालेला, आणि गाडीभोवती गर्दी नाही. आणखी एक गोष्ट बातम्यांत बघायची: श्रीनगर-जम्मू रस्ता. दरड कोसळून तो बंद पडला की ट्रक वाटेत अडकतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो बरेच दिवस रखडला, फळं ट्रकमध्येच सडली, शेवटी काश्मीरातल्या बडगामहून दिल्लीला खास पार्सल रेल्वे सोडावी लागली. अशा आठवड्यात जे काश्मीर मुंबईत पोहोचतं ते महागही असतं आणि दमलेलंही. तेव्हा हिमाचलचं घ्यावं.

कुठे जाऊन घ्यायचं

एकट्या-दुकट्याने वाशी गाठायची गरज नाही. आपल्या नाक्यावरचा रोजचा फळवाला धरा. तीन-चार आठवडे त्याच्याकडूनच घेतलं की तो स्वतःहून 'आज मत लो, कल नया माल खुलेगा' सांगू लागतो, आणि हे वाक्य कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाचं. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर, पार्ल्याच्या बाजारात, ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत माल पटकन खपतो, म्हणून शिळा कमी राहतो. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, इथे निवड मोठी आणि फळ देखणं. भावही देखणे सांगतात, तेव्हा घासाघीस करायची तयारी ठेवून जा.

घरटी चार-पाच किलो लागत असेल आणि मजल्यावरचे शेजारी तयार असतील तर पेटी आणणं परवडतं. वाशीला, नवी मुंबईतल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळ बाजारात भल्या सकाळी जावं. तिथे गाळ्यावर सगळा व्यवहार पेटीचा, किलोभर मागणाऱ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. हिमाचलात २०२४ च्या हंगामापासून साधारण २० किलोची एकसारखी पुठ्ठ्याची पेटी सक्तीची झाली आहे. त्याआधी पेटीत दाबून-दाबून किती भरायचं याला धरबंध नव्हता. पेटीवर किंवा व्यापाऱ्याच्या तोंडी १००, १२५, १५० असे आकडे येतात, ती फळांची संख्या. आकडा लहान तितकं फळ मोठं. १०० चं फळ सुमारे २०० ग्रॅमचं, पाहुण्यांपुढे ठेवायला झकास. घरात डब्याला न्यायला १५० चं घ्या. एका बैठकीत संपतं, अर्धं कापून काळं पडत नाही, आणि किलोमागे स्वस्त.

पेटी घेताना वरचा थर पाहून हरखून जाऊ नये. खालचा थर दाखवायला सांगा. कुरकुर करतील, पण दाखवतात. जो दाखवत नाही त्याच्या शेजारच्या गाळ्यावर जा.

हातात घेतल्यावर

लाल रंगाकडे बघू नका. लाली जातीवर आणि उन्हावर ठरते, पिकण्यावर नाही. बघायचा तो लालीच्या मधला, खड्ड्यापाशी नाहीतर पट्ट्यांच्या आड दिसणारा मूळ रंग. तो हिरवागार असेल तर फळ कच्चं उतरवलं आहे. फिकट, किंचित पिवळसर सायीसारखा असेल तर नीट भरलंय.

मग देठ. नुकतं उतरवलेलं असेल तर देठ थोडा हिरवट, लवचीक असतो. काडीसारखा वाळून काळा पडलेला देठ म्हणजे फळाने बरेच महिने पाहिलेत. देठच नसेल तर खड्ड्यात ओल किंवा बुरशी नाही ना, ते बघा.

अंगठ्याने दाबून खुणा पाडायची सवय मात्र सोडा. दाबलेलं फळ दुसऱ्या दिवशी तिथेच तपकिरी होतं, आणि ते घ्यायला तुमच्यानंतर कुणीतरी येणार असतं. मुठीत धरून हलकेच आवळलं तरी घट्टपणा कळतो. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. हलकं फळ आतून कोरडं झालेलं असतं. खालच्या बाजूने, जिथे फुलाचे वाळके अवशेष असतात तिथे, वास घ्या: सफरचंदाचा वास आला तर ठीक, काहीच नाही आला तर कच्चं किंवा थंडगार, दारूसारखा आला तर उतरलेलं.

डागांची भीती बाळगू नये. काळे, खरखरीत, टिकलीएवढे डाग बहुतेक वेळा 'स्कॅब' नावाच्या बुरशीरोगाचे, सालीपुरते. साल तेवढी काढून खाता येतं. छोटे खोलगट वळ असले तर बागेत गारा पडलेल्या. असा माल दिसायला गबाळा म्हणून स्वस्त सुटतो आणि चवीला तिळमात्र कमी नसतो. मी तोच शोधतो. देठाजवळची तपकिरी खरखर नैसर्गिक असते. टाळायचा तो मुका मार: वरून साल अखंड, खाली बोट बुडेल इतकं मऊ.

आता चकाकीबद्दल. सफरचंदावर त्याचं स्वतःचं मेण असतं, हाताने पुसलं तरी चमकतं. धुऊन प्रतवारी केलेल्या फळांवर वरून मेणाचा थर देतात. मधमाश्यांचं मेण, कार्नोबा, लाख यांसारखी मेणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मान्य आहेत, आणि तसं दिल्याची नोंद पेटीवर करावी लागते. सुरीने खरवडून पांढरी पूड दाखवणारे व्हिडिओ पाहून घाबरून जाऊ नका. झाडावरून थेट आलेल्या फळावर उलट एक मंद, धुरकट साय दिसते. दोन्ही राशी शेजारी असतील तर मी धुरकट घेतो.

स्टिकरवर चार आकडी क्रमांक असतो, तो जातीचा आणि आकाराचा: ४०१६ मोठं रेड डिलिशस, ४१३१ मोठं फुजी, ४०१७ मोठं हिरवं ग्रॅनी स्मिथ. पाच आकडी आणि ९ ने सुरू होणारा असेल तर सेंद्रिय म्हणून विकलेलं. स्टिकर म्हणजे दर्जाची हमी नव्हे, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. देशी फळावरही परदेशी थाटाची स्टिकरं चिकटवलेली असतात.

घरात मुलं असतील तर एक गंमत करून बघा. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा, सफरचंद आडवं कापा, एका अर्धुकावर दोन-चार थेंब पसरून टाका आणि मिनिटभर थांबा. जिथे पिष्ट शिल्लक आहे तो गर निळा-काळा होतो. पिकताना पिष्टाची साखर होते, म्हणून पिकलेल्या फळात मधला भाग पांढराच राहतो आणि निळाई सालीजवळच्या कड्यात उरते. सगळा गर काळवंडला तर फळ हिरवंच तोडलंय. बागायतदारही तोडणीची वेळ ठरवायला हीच युक्ती वापरतात. तपासलेलं अर्धुक मात्र टाकून द्या, खायचं नाही.

किन्नौर किंवा फुजी कापल्यावर कधी गाभ्याभोवती काचेसारखा पारदर्शक, ओलसर भाग दिसतो. सडलंय म्हणून टाकू नका. पेशींच्या मधल्या जागेत सॉर्बिटॉल या साखरेसारख्या द्रव्याचा रस साचून तसं होतं, आणि बऱ्याचदा ते फळ जास्त गोड निघतं. फक्त ते टिकत नाही, म्हणून आधी संपवा.

काय विचारायचं

'ताजा है क्या?' हा प्रश्न फुकट आहे. जगातल्या एकाही फळवाल्याने त्याला 'नहीं' म्हटलेलं नाही. त्याऐवजी विचारा: माल कुठला, शिमला की काश्मीर? पेटी कधी खोलली? कोल्डचा आहे का? समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक ओळखून आहे, आणि हात आपोआप मागच्या पेटीकडे जातो. एक फोड चाखायला मागा. मोसमात लाजायचं कारण नाही, विकणाराच आधी कापून पुढे करतो. तीच फोड पाच मिनिटांनी काळपट झाली तर घाबरू नका, त्याकडे पुढे येतोच.

वजनाच्या वेळी गप्पांत गुंगू नका. काटा शून्यावर आहे ना, आणि निवडलेलीच फळं पिशवीत गेली ना, एवढं बघितलं की झालं.

घरी आणल्यावर

सगळी एकदम धुवू नका. ओल्या सालीला बुरशी लवकर लागते. आधी पिशवी ओतून मार लागलेली बाजूला काढा, ती पहिल्या दोन दिवसांत संपवायची. उरलेली भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या खणात. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावरच्या टोपलीत ठेवलेलं सफरचंद आठवड्यात मऊ पडतं, फ्रीजमध्ये तेच तीन-चार आठवडे सहज राहतं. देवापुढे ठेवलेलंही दुसऱ्या दिवशी आत टाका.

मेथी, कोथिंबीर, पालक त्याच खणात नकोत. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि पालेभाजी दोन दिवसांत पिवळी पडते. याच वायूचा उलटा उपयोगही होतो: कच्ची केळी, दडस चिकू एका सफरचंदासह कागदात गुंडाळून ठेवले की लवकर पिकतात. बोंबील-सुरमईचा डबा फ्रीजमध्ये असेल तर तो घट्ट झाकणाचा हवा, सफरचंद वास चटकन ओढून घेतं.

खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं बहुतेकांना पुरेसं. मनात शंका असेल तर एका लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून फळ १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि मग स्वच्छ धुवा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दोन कीडनाशकांवर हे करून पाहिलं, तेव्हा सालीवरचा अंश साध्या पाण्यापेक्षा चांगला गेला. गरात मुरलेलं कशानेच जात नाही. डिटर्जंट, भांड्यांचा साबण वापरू नका.

तब्येतीला काय मिळतं, काय मिळत नाही

सफरचंदाच्या गुणांचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच होतं. आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत सफरचंदंच, जणू औषधच. प्रत्यक्षात १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८६ टक्के पाणी, ५२ कॅलरी, सालीसकट २.४ ग्रॅम तंतू आणि 'क' जीवनसत्त्व जेमतेम साडेचार मिलिग्रॅम. गाडीवर त्याच्याच शेजारी बसलेल्या पेरूत 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर आणि तंतू दुपटीहून अधिक, भाव मात्र कमी. तेव्हा महिन्याचं गणित तंग असेल तर सफरचंद परवडत नाही म्हणून हळहळायचं काही कारण नाही.

मग सफरचंद कशासाठी? एक तर पेक्टिन. हा पाण्यात विरघळणारा तंतू आतड्यात जेलीसारखा होतो, साखर रक्तात हळू जाते, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि नियमित खाल्ल्यास वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरायला हातभार लागतो. दुसरं म्हणजे सालीत आणि सालीलगत असलेली क्वेर्सेटिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं. साल सोलून खाणं म्हणजे निम्मा फायदा कचऱ्यात. तिसरं कारण अगदी व्यवहारी: लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने, न सांडता खाता येईल अशी फळं कितीशी आहेत? संध्याकाळी साडेसहाच्या गाडीत भूक लागली की वडापाव नाहीतर सफरचंद, अशी निवड असेल तर उत्तर स्पष्ट आहे. निदान पाचपैकी तीन दिवस तरी.

मधुमेह असलेल्यांनी मध्यम आकाराचं एक फळ, सालीसकट, चावून खाल्लं तर सहसा अडचण येत नाही. त्यात २०-२५ ग्रॅम कर्बोदकं धरून जेवणातलं गणित डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवावं. रस नको. रसात तंतू जातात, तीन फळांची साखर एका पेल्यात येते आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही. ज्यांना पोट फुगण्याचा, गॅसचा त्रास आहे त्यांना कच्च्या सफरचंदाने तो वाढू शकतो, कारण त्यातलं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल सगळ्यांना पचत नाही. त्यांनी थोडंच घेऊन बघावं. अ‍ॅलर्जीसाठी फेक्सोफेनाडीनची गोळी घेणाऱ्यांनी ती सफरचंदाच्या रसासोबत घेऊ नये. रसामुळे औषध शरीरात कमी शोषलं जातं. साध्या पाण्यासोबत घ्यावी.

दोन समज खोडून काढतो. कापलेली फोड तांबूस होते ती 'लोह आहे म्हणून' नव्हे. हवा लागली की सालीखालच्या पॉलिफेनॉलवर फळातलंच एक विकर (एन्झाइम) काम करतं आणि रंग बदलतो. लोह सफरचंदात नावापुरतंच असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर सफरचंदावर विसंबू नका. आणि बिया: त्यांत अ‍ॅमिग्डॅलिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं, हे खरं. पण चुकून दोन बिया गिळल्या म्हणून काही होत नाही, त्या आख्ख्याच बाहेर जातात. मिक्सरला लावताना मात्र गाभा काढूनच लावा.

लहान मुलांना, चार वर्षांच्या आतल्यांना तर नक्कीच, कच्च्या कडक फोडी देऊ नयेत, घशात अडकतात. किसून द्या किंवा वाफवून.

डब्यातल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून वाटीभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढून कोरड्या करा. लिंबानेही होतं, पण शाळेतल्या मुलाला आंबट लागलं की डबा तसाच परत येतो.

मऊ पडली तर

नोव्हेंबरच्या शेवटी फ्रीजच्या तळाशी दोन-चार सुरकुतलेली निघतातच. नुसती खायला जात नाहीत, पण शिजवायला उत्तम. बारीक फोडी, एक लवंग, दालचिनीचा छोटा तुकडा आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून दहा मिनिटं. साखर लागतच नाही. सकाळी गरम गरम, वरून हवं तर चमचाभर तूप. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळ्याबरोबर एक किसून घातलं तर कुणाला पत्ता लागत नाही.

थोडीच मऊ असतील तर कोशिंबीर करा. सफरचंद सालीसकट चिरून लगेच दह्यात टाकायचं, म्हणजे काळं पडत नाही. दाण्याचं कूट, मीठ, किंचित साखर, वरून तूप-जिऱ्याची फोडणी आणि हिरवी मिरची. उपासाला चालते, पोळीबरोबरही. दही फार आंबट नको, आणि फोडणी गार झाल्याशिवाय ओतू नका, दही फाटतं.

जानेवारीनंतर गाडीवर तीच लाल रास दिसेल आणि भाव सप्टेंबरपेक्षा चढलेला असेल. तेव्हा पेरू, बोरं, संत्री खा. सफरचंद हवंच असेल तर एकच घ्या, तिथेच कापायला सांगा, आणि गर पांढरा-घट्ट निघाला तरच किलोचं माप करायला सांगा.